पेरेरुएलाच्या कुंभारणी
३. पेरेरुएला : स्पेनच्या वायव्येस, सामोरा प्रांतातल्या सायागो भागातले गाव. मूळ मजकुरात लेखकाने स्पॅनिश कुंभार म्हणजे पायाने चाक फिरवणारा पुरुष, असे सरसकट धरले आहे. या गावाला ते लागू पडत नाही. इथे भांडी घडवणे हे परंपरेने बायकांचे काम. माती खणून आणणे, भाजणी आणि गावोगाव विक्री एवढेच पुरुषांकडे. चाक जमिनीलगतचे, बुटके. बाई त्याच्यासमोर गुडघे टेकून बसते, एका हाताने ते थोडेथोडे फिरवते आणि दुसऱ्या हाताने मातीच्या वळ्या एकावर एक चढवत, बोटांनी सांधे लिंपत भांड्याची भिंत उभी करते. चाकाला वेग असा नसतोच. तांबड्या मातीत केओलिनची पांढरी माती मिसळतात, म्हणून हे भांडे थेट विस्तवावर ठेवले तरी सहसा तडकत नाही. मोल आहे ते या गुणाचे. नक्षी जवळपास नाहीच. (तालावेराच्या रंगीत, झिलईदार भांड्यांची परंपरा २०१९ साली युनेस्कोच्या वारसायादीत गेली, स्पॅनिश मातीकाम म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर बहुधा तीच येतात.) याच मातीच्या घुमटाकार भट्ट्याही इथे घडतात. कास्तीलच्या खाणावळींत कोवळे कोकरू भाजायला त्यांना अजून मागणी आहे, आणि आता भांडी घडवायला पुरुषही बसतात. — संपा.