स्पॅनिश सक्तीची करावी का?

अमेरिकेतल्या प्रत्येक शाळकरी मुलाला स्पॅनिश सक्तीने शिकवावी का, हा वाद तिकडे अधूनमधून डोकं वर काढतो. एक बाजू म्हणते, देशात ४ कोटींहून जास्त लोक घरात स्पॅनिश बोलतात, मग शेजाऱ्याची भाषा यायला नको का? दुसरी बाजू म्हणते, हा इंग्रजी बोलणारा देश आहे, परकी भाषा आमच्या मुलांवर का लादता? आपली बरीच मंडळी तिकडे असल्यामुळे आपल्या घरातही या वादाचे पडसाद उमटतात. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे अशा वादात कोण बरोबर हे ठरवण्याआधी मला मागची पानं उलटून बघायची खोड आहे. ती उलटली, तेव्हा जे दिसलं ते तुमच्यापुढे ठेवते.

आधी तो 'परकी' शब्द बघू. इंग्रजांची अमेरिकेतली पहिली टिकलेली वसाहत जेम्सटाउन, साल १६०७. स्पॅनिश लोकांनी फ्लोरिडात सेंट ऑगस्टिन वसवलं ते १५६५ साली, म्हणजे ४२ वर्षं आधी. सांता फे हे गाव १६१० च्या सुमाराचं. लॉस एंजेलिस, सान फ्रान्सिस्को, सान अँटोनियो ही नावं आपण रोज ऐकतो, ती सगळी स्पॅनिश. अर्थात स्पॅनिश तरी मूळची कुठे तिथली? ती आली तलवार आणि क्रूस घेऊन, आणि तिने तिथल्या मूळ रहिवाशांच्या कितीतरी भाषा दडपल्या. म्हणजे 'आधी आलो' एवढ्यावर कोणाचा हक्क सिद्ध होत नाही. पण 'परकी' म्हणून तिला दारातून हाकलणंही इतिहासाला धरून नाही.

पुढची गोष्ट १८४८ ची. अमेरिकेने मेक्सिकोचा युद्धात पराभव केला आणि २ फेब्रुवारीला ग्वादालुपे हिदाल्गोचा तह झाला. मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा मुलूख अमेरिकेकडे गेला. त्यात आजचं कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा, शिवाय ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोचा मोठा भाग आला. गंमत बघा, तहाच्या अवघे ९ दिवस आधी कॅलिफोर्नियात सोनं सापडलं होतं आणि तह करणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता! त्या मुलखातले ८० हजार ते १ लाख स्पॅनिश बोलणारे लोक जागचे न हलता दुसऱ्या देशाचे नागरिक झाले. ते कुठून आले नव्हते. सीमाच त्यांना ओलांडून गेली होती.

सुरुवातीला त्यांच्या भाषेचा मान राखला गेला. कॅलिफोर्नियाची पहिली राज्यघटना १८४९ ची. सगळे कायदे इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत छापावेत, असं कलम तिच्यात होतं. पण सोन्याच्या ओढीने पूर्वेकडून माणसांचे लोंढे आले, स्पॅनिश बोलणारे आपल्याच गावात अल्पसंख्य झाले आणि १८७९ च्या नव्या घटनेने सरकारी कामकाज फक्त इंग्रजीत केलं. दिलेला शब्द ३० वर्षं टिकला.

आता सक्तीकडे वळू. अमेरिकेतल्या शाळांत भाषेची सक्ती नवी नाही, फक्त ती दरवेळी उलट्या दिशेने झाली. 'ही भाषा शिकाच' असं कमी वेळा, 'ही भाषा बोलायची नाही' असं जास्त वेळा. याचा मोठा फटका बसला जर्मनला. १९१५ च्या सुमारास तिथल्या माध्यमिक शाळांतली जवळजवळ पाव मुलं जर्मन शिकत होती. मग अमेरिका जर्मनीविरुद्ध महायुद्धात उतरली, जर्मन ही शत्रूची भाषा ठरली आणि १९२२ पर्यंत ते प्रमाण १ टक्क्याच्याही खाली आलं. नेब्रास्का राज्याने तर १९१९ साली कायदाच केला की आठवी होईपर्यंत कोणत्याही मुलाला परकी भाषा शिकवायची नाही. रॉबर्ट मेयर नावाच्या शिक्षकाने दहा वर्षांच्या एका मुलाला जर्मन वाचायला शिकवलं म्हणून त्याला २५ डॉलर दंड झाला. मेयर सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि १९२३ साली जिंकला. सगळ्यांनी इंग्रजी बोलावं ही इच्छा गैर नाही, पण ती अशा मार्गाने साधता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. वर्गात उभं राहून आयुष्य काढलेल्या मला या मेयर गुरुजींबद्दल फार आपुलकी वाटते.

जर्मनच्या रिकाम्या झालेल्या वर्गांत स्पॅनिश वाढली, हेही लक्षात घ्या. तोही मोठा विरोधाभास. इंग्रजी घरातला मुलगा शाळेत स्पॅनिश शिकला की ती विद्या, आणि ज्याची ती घरची भाषा तो मधल्या सुट्टीत बोलला की तो गुन्हा! टेक्ससमध्ये १९१८ च्या कायद्याने शाळेत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतून शिकवणं हा गुन्हा ठरला होता. तिथल्या मार्फा या छोट्या गावात ब्लॅकवेल नावाची, मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी वेगळी ठेवलेली शाळा होती. १९५४ साली त्या शाळेत मुलांकडून चिठ्ठ्यांवर 'मी स्पॅनिश बोलणार नाही' असं लिहून घेतलं. त्या चिठ्ठ्या पेटीत घालून झेंड्याच्या खांबाजवळ पुरल्या आणि स्पॅनिश भाषेचा चक्क अंत्यविधी केला. आईने अंगाईगीत ज्या भाषेत म्हटलं, ती भाषा मुलांच्या हातून पुरून घेतली! हा प्रसंग वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले. २०२२ साली कायदा करून त्या शाळेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा देण्यात आला, हे मात्र अमेरिकेचं मोठेपण मानायला हवं.

आणखी एका शिक्षकाची गोष्ट. टेक्ससच्याच कोटुला गावात १९२८ साली एक वीस वर्षांचा तरुण मेक्सिकन मुलांच्या शाळेत शिकवायला आला. मुलांवर त्याचा जीव होता. त्यांच्यासाठी खेळाचं साहित्य मिळवायला तो धडपडायचा. पण खेळाच्या मैदानावरही इंग्रजीच बोलायचं हा त्याचा नियम, आणि मोडला तर शिक्षा. त्याचं नाव लिंडन जॉन्सन. पुढे तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, आणि ज्यांची घरची भाषा इंग्रजी नाही अशा मुलांच्या शिक्षणाला पैसा देणाऱ्या द्विभाषिक शिक्षण कायद्यावर १९६८ साली त्यानेच सही केली.

इतकं वाचल्यावर कोणी म्हणेल, मग आता भरपाई म्हणून करा की स्पॅनिश सक्तीची! मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण असा प्रयोग एका देशाने आधीच करून बघितला आहे, तो पॅसिफिक महासागराच्या पलीकडे, फिलिपाइन्समध्ये.

फिलिपाइन्सवर तीनशेहून जास्त वर्षं स्पेनचं राज्य होतं. १८९८ साली ते अमेरिकेच्या हातात गेलं. १९०१ साली 'थॉमस' नावाच्या जहाजातून सुमारे ५०० अमेरिकन शिक्षक मनिलाला उतरले आणि बघता बघता शाळांची भाषा इंग्रजी झाली. स्पॅनिश मागे पडली. देश १९४६ साली स्वतंत्र झाला, तेव्हा जुन्या पिढीला हळहळ वाटू लागली, आणि ते स्वाभाविकच होतं. त्यांचा राष्ट्रपुरुष होसे रिझाल याच्या कादंबऱ्या स्पॅनिशमध्ये, स्वातंत्र्यलढ्याची कागदपत्रं स्पॅनिशमध्ये. म्हणून १९५२ साली कायदा करून कॉलेजात स्पॅनिशचे १२ युनिट सक्तीचे केले. १९५७ साली काही शाखांना ते २४ केले. पुढे विद्यार्थ्यांची कुरकुर वाढली, ते पुन्हा १२ वर आले, आणि १९८७ च्या नव्या राज्यघटनेनंतर सक्ती संपली. स्पॅनिश ऐच्छिक झाली.

सुमारे ३५ वर्षांच्या सक्तीचं फलित काय? पिढ्यान् पिढ्या पदवीधर स्पॅनिशची परीक्षा पास झाले आणि निकाल लागल्यावर ती विसरले. रिझालच्या कादंबऱ्या अभ्यासणं १९५६ च्या कायद्याने तिथे बंधनकारक आहे, पण त्या वाचल्या जातात बहुतकरून इंग्रजी नाहीतर तागालोग अनुवादात. ज्या पुस्तकांसाठी भाषा शिकवायची, त्या पुस्तकांपर्यंतही ती सक्ती पोचली नाही. कारण सरळ आहे. घरात, बाजारात, नाटकसिनेमात कुठेही न भेटणारी भाषा फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये भेटत होती. आपल्याकडे दहावीला मार्कांसाठी संस्कृत घेणारी हुशार मुलं मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत. शंभरातले अठ्ठ्याण्णव मिळतात आणि जूनमध्ये पुस्तकं रद्दीत जातात. (आपल्या त्रिभाषा सूत्राच्या वादात मी इथे शिरत नाही, त्यासाठी वेगळा लेख लागेल!)

अमेरिकेत स्पॅनिश बाजारात भेटते, हा मोठा फरक आहे हे मला मान्य. तरीही मला वाटतं ते असं.

फक्त स्पॅनिशच सर्वांना सक्तीची करू नये. पण इंग्रजीखेरीज कोणती तरी एक भाषा प्रत्येक मुलाने शिकावी, हा नियम हवा. न्यू जर्सी, मिशिगनसारख्या काही राज्यांत तो आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश हवा तर दुसऱ्या भाषेची किमान २ वर्षं लागतात. टेक्ससमध्येही नियम आहे, पण तिथे संगणकाची प्रोग्रॅमिंगची भाषा घेतली तरी चालते. याला काय म्हणावं! संगणकाशी बोलता आलं म्हणजे शेजारणीशी बोलता आलं असं थोडंच आहे?

आणि त्याहून महत्त्वाचं, जी मुलं घरून स्पॅनिश घेऊन येतात त्यांना त्या भाषेत नीट वाचायला-लिहायला शिकवलं पाहिजे. आजी स्पॅनिश बोलते, आई दोन्ही भाषा बोलते आणि नातवाला फक्त इंग्रजी येते, असं तिथल्या असंख्य घरांत तीन पिढ्यांत घडतं. इतिहासाचं देणं असेल तर ते या नातवाचं आहे. इंग्रजी घरातल्या मुलाकडून चार क्रियापदं घोकून घेऊन ते फिटणार नाही. १ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढून इंग्रजीला देशाची अधिकृत भाषा जाहीर केलं. पण तिथे इंग्रजीला धोका कधी नव्हताच. तिथे मरते ती दुसरी भाषा, आणि तीही घरातल्या घरात, कोणाला न कळता.

हे आपल्यालाही चुकलेलं नाही. माझ्या भाच्याची मुलगी कॅलिफोर्नियात नववीत आहे. तिला स्पॅनिशमध्ये उत्तम ग्रेड मिळते याचा मला आनंदच आहे. पण फोनवर माझ्याशी ती मराठीत बोलते ते 'हो', 'नको' आणि 'बरी आहे' एवढंच. तिथल्या गावोगावच्या महाराष्ट्र मंडळांनी रविवारच्या मराठी शाळा चालवल्या आहेत. त्या सक्तीच्या नाहीत, पगारही बहुधा नसतो, तरी आईवडील गाडी चालवत मुलांना घेऊन जातात. भाषा जगते ती अशा खटपटीने. सरकारने फार तर वाटेतला दगड बाजूला करावा आणि चांगला शिक्षक द्यावा, चालायचं काम आपलं आपणच करायचं.

तिकडच्या मंडळींनो, तुमच्या मुलांच्या शाळेत काय नियम आहे आणि घरी जेवताना कोणती भाषा चालते, ते मला जरूर कळवा. उत्तर मराठीत लिहिलंत तर दुप्पट आनंद होईल.