उत्तरभागातील मगर : भयानकाकडून रसाभासाकडे

एखाद्या कलाप्रकाराचा इतिहास आपण बहुधा त्यातील श्रेष्ठ कृतींच्या आधारे लिहितो. परंतु त्या प्रकाराचे संकेत कसे रूढ होतात आणि कसे झिजतात, हे पाहावयाचे असेल तर दुय्यम कृतींकडेच जावे लागते. मूळ कृतीतील काय मोलाचे वाटले आणि काय वगळण्याजोगे वाटले, याची नकळत दिलेली कबुली अनुकरणात असते. उत्तरभाग, म्हणजे रूढ शब्दांत सीक्वेल, हे या अर्थाने मूळ संहितेचे एक वाचनच असते.

‘लेक प्लॅसिड २’ हा २००७ साली अमेरिकेतील ‘साय फाय’ या केबल वाहिनीवर दाखविला गेलेला भयपट अशा वाचनाचा नमुना म्हणून तपासता येतो. डेव्हिड फ्लोरेस यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट अल्प खर्चाचा. तळ्याकाठच्या वस्तीवर अजस्र मगरी हल्ले करतात, एवढेच त्याचे कथानक. त्याची उपेक्षा करणे सोपे आहे आणि त्याचे अपयश पैशाच्या टंचाईवर ढकलणे त्याहून सोपे. हे दुसरे स्पष्टीकरण इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, असे येथे सुचवावयाचे आहे.

या परंपरेचा आरंभ सामान्यतः स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्या ‘जॉज’पासून (१९७५) मानला जातो. चित्रीकरणासाठी तयार केलेला यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात वारंवार बिघडत असे. त्यामुळे दिग्दर्शकाला तो बराच काळ पडद्याआड ठेवावा लागला. पाण्यावर तरंगणारी पिंपे आणि जॉन विल्यम्स यांचे संगीत यांनी त्याचे अस्तित्व सूचित केले. आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर, अभिधेची वाट बंद झाल्यामुळे व्यंजनेची वाट मोकळी झाली. उणीव हीच येथे शक्ती ठरली.

पुढे आलेले ‘पिरान्हा’ (१९७८) आणि ‘अ‍ॅलिगेटर’ (१९८०) हे ‘जॉज’च्या तुलनेत बेताच्या खर्चाचे चित्रपट होते. दोहोंच्या पटकथा जॉन सेल्स यांच्या. पहिल्यातील हिंस्र मासे व्हिएतनाममधील नद्यांत सोडण्यासाठी लष्कराने निपजविलेले असतात. दुसऱ्यातील सुसरवर्गीय प्राणी मुळात एका मुलीने पाळलेले पिल्लू असते. ते शौचकूपातून गटारात सोडले जाते आणि प्रयोगशाळेतून फेकलेल्या प्राण्यांची कलेवरे खाऊन अक्राळविक्राळ वाढते. दोन्ही ठिकाणी श्वापद हे माणसाच्या अपराधाचे देहधारी रूप आहे. पैसा थोडा होता, प्रश्न मात्र शाबूत होता.

स्टीव्ह मायनर यांचा मूळ ‘लेक प्लॅसिड’ (१९९९) या परंपरेविषयी पूर्ण सजाग आहे. त्याचे शीर्षकही उसने आहे. मेन राज्यातील या कल्पित तळ्याचे नाव ‘ब्लॅक लेक’. ‘लेक प्लॅसिड’ हे नाव आधीच कोणीतरी घेतले होते, असा विनोदच चित्रपटात येतो. डेव्हिड ई. केली यांच्या पटकथेत भय आणि उपहास एकत्र नांदतात. तीस फुटी मगरीला मारावे की जिवंत पकडावे, हा वाद मात्र तीत गंभीर आहे. पुराणकथांचा अभ्यासक असलेला हेक्टर मगरीला पूज्य मानतो, तर शेरिफला ती नष्ट करावयाची आहे. या दोघांपलीकडे मिसेस बिकरमन ही तळ्याकाठी एकटी राहणारी वृद्धा आहे. ती मगरीला वर्षानुवर्षे खाऊ घालत आली आहे. बेटी व्हाइट यांनी उभ्या केलेल्या या शिवराळ वृद्धेच्या रूपाने माणूस आणि श्वापद यांच्यातील एक विलक्षण लागेबांधे कथेत प्रवेश करतात. शेवटी एक मगर मारली जाते, दुसरी जिवंत नेली जाते आणि वृद्धा पिल्लांना पाव टाकीत बसलेली दिसते. वादाचा निकाल चित्रपट देत नाही, आणि हाच त्याचा अर्थपूर्ण शेवट होय.

उत्तरभागाने या वारशातून काय उचलले? तळे, मगरी, शेरिफ आणि वृद्धा. वृद्धेच्या जागी तिची बहीण सेडी आली. ही भूमिका क्लोरिस लीचमन यांच्यासारख्या ऑस्करविजेत्या अभिनेत्रीकडे होती, तरी पात्र पहिल्या वृद्धेची प्रतिकृतीच राहिले. मारावे की वाचवावे, या वादाची जागा शिकारीच्या मोहिमेने घेतली. चित्रीकरण बल्गेरियात झाले, म्हणजे मेनचे अरण्यही प्रतिकृतीच. मगरींची संख्या वाढली, पण संख्येने भय वाढत नाही. उलट, जे एकदा पुरेसे होते ते अनेकदा दाखवावे लागणे ही भय ओसरल्याचीच खूण असते.

येथे तंत्राचा इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. १९७५ साली श्वापद दाखविणे महाग आणि बेभरवशाचे होते. २००७पर्यंत संगणकनिर्मित प्रतिमेमुळे, ओबडधोबड का होईना, ते दाखविणे स्वस्त झाले होते. टंचाई होती ती पैशापेक्षा झाकून ठेवण्याच्या इच्छेची. विभाव अविश्वसनीय झाला की भय हा स्थायीभाव रसत्वाला पोहोचत नाही. चिरफाड दाखवून जुगुप्सा जागवता येते, पण तीही क्षणिक. अनौचित्य हेच रसभंगाचे कारण, असे आनंदवर्धन सांगतात, आणि रसाभास अखेरीस हास्यात परिणत होतो, असे अभिनवगुप्तांचे प्रतिपादन आहे. मूळ चित्रपटात प्रेक्षक चित्रपटाबरोबर हसतो. उत्तरभागात तो चित्रपटाला हसतो. या दोन हास्यांमधले अंतर म्हणजेच उपहास आणि रसाभास यांमधले अंतर होय.

या अवनतीला पडद्याबाहेरचाही एक संदर्भ आहे. ‘जॉज’ प्रदर्शित झाला त्याच १९७५ साली फ्लॉरिडातील अमेरिकन मगरीची नोंद अस्तंगत होण्याचा धोका असलेल्या प्राण्यांत झाली. भारतातील मगरसंवर्धन प्रकल्पही त्याच वर्षीचा. ‘लेक प्लॅसिड २’ दाखविला गेला त्या २००७ साली फ्लॉरिडातील मगरींची स्थिती सुधारल्यामुळे त्यांना कमी धोक्याच्या वर्गात हलविण्यात आले. ‘जॉज’ या कादंबरीचे लेखक पीटर बेंचली यांनी उत्तरायुष्यात शार्कच्या रक्षणासाठी काम केले. म्हणजे मारावे की वाचवावे, हा प्रश्न या काळात समाजात प्रत्यक्ष जगला जात होता आणि त्याला काही उत्तरेही मिळत होती. नेमका तोच प्रश्न उत्तरभागाने अडगळ समजून टाकून दिला.

म्हणून ‘लेक प्लॅसिड २’चे दारिद्र्य आर्थिक नव्हे. त्याने मगरीचा वारसा घेतला, प्रश्नाचा घेतला नाही. कोणत्याही परंपरेत, मग ती चित्रपटाची असो वा कथा-कादंबरीची, अनुकरण निर्जीव केव्हा होते याचे उत्तर येथे सापडते. रूपबंध उसना घेता येतो. त्यामागची अस्वस्थता मात्र प्रत्येक कृतीला नव्याने कमवावी लागते.