आनंद यादव : मागे घेतलेली कादंबरी आणि अध्यक्षाविना संमेलन

ग्रामीण साहित्याच्या चळवळीचे एक अग्रणी डॉ. आनंद यादव यांचा जन्म ३० नोव्हेंबर १९३५ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कागल येथे एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. शेतातील कष्ट आणि घरचा विरोध यांना तोंड देत त्यांनी शिक्षण पूर्ण केले. पुढे पुणे विद्यापीठात त्यांनी मराठीचे अध्यापन केले. 'गोतावळा' (१९७१) या कादंबरीने कागल परिसराच्या बोलीला साहित्यात मानाचे स्थान मिळवून दिले. शिक्षणासाठीच्या स्वतःच्या झगड्याची कहाणी सांगणाऱ्या 'झोंबी'स १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

उत्तरायुष्यात यादव संतचरित्राकडे वळले. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे येथे ज्यांनी ज्ञानेश्वरी सांगितली, त्या ज्ञानदेवांवर त्यांनी 'लोकसखा ज्ञानेश्वर' लिहिली. त्यानंतर 'संतसूर्य तुकाराम' ही कादंबरी आली. तुकोबांच्या पूर्वायुष्याविषयी विश्वसनीय माहिती त्रोटक आहे. ही रिकामी जागा कादंबरीकाराने कल्पनेने भरली आणि वादाची ठिणगी तेथेच पडली. तरुण तुकोबांचे चित्रण अवमानकारक असल्याचा आक्षेप वारकऱ्यांनी घेतला. ज्यांचे अभंग नित्य मुखी असतात, त्या संतांविषयी निराधार मजकूर खपवून घेणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. चरित्रात्मक कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे, असे लेखनस्वातंत्र्याच्या समर्थकांचे म्हणणे होते.

याच सुमारास महाबळेश्वर येथील ८२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी यादव यांची निवड झाली होती. त्यांनी जाहीर माफी मागितली, कादंबरीही मागे घेतली. तरीही विरोध शमला नाही. यादव अध्यक्ष राहिल्यास संमेलन होऊ देणार नाही, असा इशारा देण्यात आला. अखेर त्यांनी पद सोडले आणि मार्च २००९ मध्ये संमेलन अध्यक्षाविना पार पडले. मतदारांनी निवडलेला लेखक आपले अध्यक्षीय भाषण व्यासपीठावरून करू शकला नाही.

वर्ष उलटण्याआधीच, जानेवारी २०१० मध्ये, त्यांच्याच 'नटरंग' कादंबरीवरील चित्रपटाला रसिकांनी डोक्यावर घेतले. न्यायालयीन लढा मात्र सुटला नाही. २०१४ मध्ये पुण्यातील न्यायालयाने बदनामीच्या खटल्यात त्यांना दोषी ठरवून दंड ठोठावला. २७ नोव्हेंबर २०१६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवावी लागली आणि ती पुन्हा वर आली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. त्याच तुकोबांवरील ही कादंबरी वाचकांपासून दूर गेल्याने तिचे गुणदोष वाचून ठरविण्याचा मार्गही खुंटला. आक्षेप रास्त होता की नव्हता, हा प्रश्न त्यामुळे पुस्तकाबरोबरच अनुत्तरित राहिला.