घाटाच्या अलीकडे-पलीकडे ऊन पाणी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इअरफोन आत्ता चार्जिंगला लावलेत, त्यांच्यासाठी हा भाग लिखित स्वरूपात.

मागच्या हिवाळ्यात तुमच्याही फोनवर ते रील आलं असेल. गुलमर्ग नाहीतर परदेशातला कुठलातरी बर्फाचा डोंगर. दिवसभर स्कीइंग करून दमलेली चार पोरं हॉट टबमध्ये गळ्यापर्यंत बुडून बसलीयेत, पाण्यातून वाफा निघतायत, आजूबाजूला बर्फ. आपल्या एका श्रोत्याने मला ते पाठवलं आणि खाली लिहिलं, "दादा, आपल्या कोकणात असलं काही का नाही?"

मी त्याला उत्तर दिलं की तू कशेडी घाटातून गावाला जातोस ना? मग दर गणपतीला तू असल्या दोन ठिकाणांच्या मधून जातोस. बर्फ तेवढा नाही. गरम पाणी आहे, आणि ते तापवायला कुणाला काही करावं लागत नाही.

कशेडी घाट म्हणजे पोलादपूर आणि खेड यांच्या मधला डोंगर. रायगड जिल्हा इथे संपतो, रत्नागिरी सुरू होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये गणपतीच्या तोंडावर इथल्या बोगद्याची एक बाजू हलक्या गाड्यांसाठी उघडली आणि वळणावळणाचा घाट काही मिनिटांवर आला. पण हा डोंगर शेकडो वर्षं माणसांनी पायी, बैलगाडीने, डोक्यावर ओझं घेऊन ओलांडलाय. उतरताना मांड्या भरून येतात, गुडघे बोलायला लागतात. आणि घाटाच्या दोन्ही अंगांना गरम पाण्याचे झरे आहेत. अलीकडे महाडजवळ सावित्री नदीच्या काठी सव. पलीकडे खेड गावातच एक झरा. तिथून आणखी आत दापोली तालुक्यात उन्हवरे, जिथलं पाणी सत्तर अंशांच्या आसपास असतं. म्हणजे थेट अंगावर घेतलं तर भाजेल इतकं.

आता ही नावं नीट ऐका. दापोलीत उन्हवरे, राजापूरजवळ उन्हाळे, पालीजवळ उन्हेरे. तिन्ही ठिकाणी गरम पाणी आहे. आपल्याकडे जुनी माणसं गरम पाण्याला 'ऊन पाणी' म्हणतात. माझी आजी "पानी ऊन झालं का बघ" असंच म्हणायची. संस्कृत 'उष्ण'चं घासून 'ऊन' झालं, आणि तोच शब्द गावांच्या नावांत जाऊन बसला. कुठल्याही बखरीत नोंद नसली तरी एवढं नक्की, की गावाला नाव पडलं तेव्हा तिथलं पाणी ऊन होतं, आणि ती त्या गावाची सगळ्यात मोठी ओळख होती.

हे पाणी तापतं कशाने? बरेच जण सांगतात, खाली ज्वालामुखी आहे. तसं नाही. सह्याद्रीचा काळा दगड लाव्हाचाच, पण तो थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. खरी गोष्ट सोपी आहे. जमिनीत खोल जाल तशी उष्णता वाढते, दर किलोमीटरला साधारण पंचवीस ते तीस अंश. आपल्याकडे पाऊस तर बेसुमार. त्यातलं काही पाणी खडकांच्या भेगांतून खूप खोल मुरतं, तिथे तापतं आणि दुसऱ्या एखाद्या भेगेतून वर येतं. कोकणात अशा भेगा किनाऱ्याला समांतर आहेत. म्हणून पालघरपासून राजापूरपर्यंत, साधारण साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात, अठरा ठिकाणी हे झरे जवळपास एका रांगेत सापडतात. वज्रेश्वरी-गणेशपुरी, उन्हेरे, सव, खेड, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी, उन्हाळे. नकाशावर टिंबं जोडून बघा, मजा येईल.

पण मला आज भूगोलापेक्षा वेगळी गोष्ट सांगायचीये. आपण बटण दाबतो, गीझर लागतो. त्याआधी गरम पाणी ही चैन होती. तांब्याचा बंब आठवतोय का कुणाला? आजोळी पाहिला असेल. एक बंब तापवायचा तर लाकूड फोडा, गोवऱ्या आणा, पहाटे उठून पेटवा, धूर खा. आणि पाणी? ते विहिरीवरून कुणीतरी शेंदून आणलेलं. बहुतेक घरांत हे 'कुणीतरी' म्हणजे बाईच. म्हणजे एकाने निवांत अंग शेकायचं तर दुसऱ्या कुणाचे तरी हात राबले पाहिजेत. झऱ्याचं पाणी मात्र लाकूड मागत नाही. म्हणून ते एवढं मोलाचं. त्याला देवाचं म्हटलं, शेजारी देऊळ उभं राहिलं, सांधेदुखीवाले लांबून यायला लागले.

दमलेल्या माणसाला पाणी आणि वाट देणं ही या भागातली फार जुनी गोष्ट आहे. महाडला शिरताना हायवेवरून डोंगरात गांधारपाले लेणी दिसतात. तिथल्या एका शिलालेखात कुमार काणभोज विष्णुपालित याने दिलेल्या दानाची यादी कोरली आहे. साधारण अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीची. लेणं दिलं, चैत्यगृह दिलं, आठ खोल्या दिल्या, आणि लेण्याच्या दोन बाजूंना दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी. शिवाय एक वाट. राजघराण्यातल्या माणसाने आपलं नाव दगडात कोरताना पाण्याच्या टाक्या आणि पायवाट मोजून लिहाव्यात, यावरून त्यांची किंमत कळते.

पुढे याच वाटांनी खूप लोक गेले. १८०२ मध्ये पुण्याजवळच्या लढाईत होळकरांकडून हरल्यावर दुसरा बाजीराव पळाला तो रायगड, महाड करत किनाऱ्याकडे. १८२८-२९ नंतर महाबळेश्वर थंड हवेचं ठिकाण झालं तेव्हा मुंबईचे साहेब लोक बोटीने बाणकोटच्या खाडीतून सावित्रीत शिरायचे, महाडच्या बाजूला उतरायचे आणि पोलादपूरवरून घाट चढायचे. साहेब पालखीत. पालखी भोयांच्या खांद्यावर. वर पोचल्यावर अंग कुणाचं जास्त दुखत असेल, तुम्हीच सांगा. आणि ऊन पाण्यात बसायला आधी कुणाला मिळत असेल?

इथेच ही गोष्ट गंभीर होते. जमिनीतून फुकट येणारं पाणी सगळ्यांना फुकट होतं का?

सवपासून महाड जवळ. आणि महाड म्हणजे चवदार तळं. शाळेत आपण एक वाक्य पाठ करतो, तारीख लिहितो, दोन मार्क मिळवतो. पण क्रम नीट बघा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य समाजालाही खुल्या असाव्यात. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. तेव्हा अध्यक्ष होते सुरेंद्रनाथ टिपणीस. कागदावर काम झालं. पण प्रत्यक्षात तळ्यावर जायची कुणाची हिंमत होईना.

मग १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात परिषद भरली. ती घडवून आणण्यासाठी पायपीट करणाऱ्यांत याच मातीतले, दासगाव भागातले रामचंद्र बाबाजी मोरे पुढे होते. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागे हजारो माणसं चालत तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्यायली. त्यानंतर लोकांना मारहाण झाली. तळं 'शुद्ध' करायला त्यात पंचगव्याच्या घागरी ओतल्या. म्हणजे गायीचं शेण-मूत चालतं, माणसाची ओंजळ चालत नाही! ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात प्रकरण कोर्टात गेलं, आणि निकाल लागायला मार्च १९३७ उजाडलं. उच्च न्यायालयाने म्हटलं, हे तळं फक्त स्पृश्यांचंच अशी अनादी काळापासूनची वहिवाट सिद्ध होत नाही. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं.

ज्या मुलखात साध्या गार पाण्याला हात लावण्यावरून डोकी फुटली, तिथे गरम कुंडाच्या पायऱ्या सगळ्यांना सारख्याच होत्या असं समजणं भाबडेपणाचं होईल. प्यायच्या पाण्यात निदान भांडं बुडतं. कुंडात तर अख्खं अंग बुडतं, आणि शेजारच्याचंही त्याच पाण्यात. सोवळं-ओवळं मानणाऱ्याला याहून मोठी अडचण कुठली?

म्हणून मला आपल्या संविधानातला एक शब्द फार आवडतो. कलम १५ मध्ये सांगितलंय, की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कुणालाही कुठल्या सार्वजनिक जागा वापरण्यापासून अडवता येणार नाही. त्या यादीत विहिरी आहेत, तलाव आहेत, रस्ते आहेत, आणि स्नानघाटही आहेत. आंघोळीची जागा! देशाचा सर्वोच्च कायदा लिहिताना हे वेगळं नमूद करावं लागलं. महाडची गोष्ट माहीत असली की त्या शब्दामागे काय काय उभं आहे ते कळतं.

आता परत त्या रीलकडे येऊ. हॉट टब ही कल्पना घराघरात पोचवली ती जकूझी या इटालियन-अमेरिकन कुटुंबाने. त्यांचा पंपांचा धंदा. घरातल्या एका लहान मुलाला संधिवात होता, त्याला घरीच पाण्याचा शेक मिळावा म्हणून त्यांनी टबात बसवायचा पंप बनवला, आणि १९५६ च्या सुमारास तो बाजारात आला. १९६८ मध्ये याच कुटुंबातल्या रॉय जकूझीने टबातच सगळी यंत्रणा बसवली. म्हणजे आज जी चैन दिसते तिची सुरुवात एका आजारी पोराच्या दुखण्यातून झाली. सवला किंवा उन्हवऱ्याला गुडघे धरून येणाऱ्या आजोबांपेक्षा ते वेगळं नाही.

आणि स्कीइंगनंतर गरम पाण्यात बसायचा खरा मान जपानचा. नोझावा ओन्सेन नावाचं एक गाव आहे. तिथला स्की क्लब १९२३ मधला, म्हणजे बोले ठरावाच्याच वर्षीचा. गावात झऱ्याच्या पाण्याची तेरा सार्वजनिक स्नानगृहं आहेत, आणि ती गावकरीच सांभाळतात. साफसफाई पाळीपाळीने. परका माणूसही आत जाऊ शकतो. पेटीत इच्छेने नाणं टाकायचं, बस्स. हॉटेलवाला, शेतकरी, स्कीइंगला आलेला पाहुणा, सगळे त्याच पाण्यात.

त्या श्रोत्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच. आपल्याकडे पाणी आहे, पट्टाच्या पट्टा आहे. सगळ्यांनी एकत्र त्यात उतरायचा हक्कही आपल्या माणसांनी मार खाऊन मिळवून दिलाय. राहिलंय ते सांभाळणं. कुंडात शाम्पूची पाकिटं तरंगत असतील, बायकांच्या बाजूचं दार तुटलेलं असेल, कपडे बदलायला आडोसा नसेल, तर त्या हक्काचं आपण काय केलं?

तेव्हा या वेळी बोगद्यातून सुसाट जाताना थोडा वेळ काढा. उतरण्याआधी पाण्याचा अंदाज घ्या, एकदम उडी नको. दहा-पंधरा मिनिटं पुरे. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. साबण गाडीतच ठेवा. आणि शेजारी कोण बसलंय, त्याचं आडनाव काय, हे विचारू नका. पाय सोडून निवांत बसा.

तुमच्या गावाजवळ ऊन पाणी असेल तर तिथलं नाव आणि तिथली गोष्ट मला कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर ऐकत राहा, वाचत राहा!