तंजावरच्या मराठी नाटकांतील 'दरू'

मराठी नाटकाच्या जन्मतिथीचा वाद पुनःपुन्हा उपस्थित होतो. १८४३ साली सांगलीस झालेला विष्णुदास भावे यांचा 'सीतास्वयंवरा'चा प्रयोग पहिला, की तंजावरच्या शहाजीराजांचे (कारकीर्द १६८४–१७१२) 'लक्ष्मीनारायणकल्याण' पहिले? सनांच्या या हिशेबात नाटकांच्या परिभाषेची साक्ष मात्र क्वचितच काढली जाते.

तंजावरच्या संहितांत पदोपदी भेटणारा शब्द 'दरू'. दरू म्हणजे नाट्यांतर्गत गीत खरे, पण 'पद' म्हटल्याने त्याचा अर्थ भागत नाही. पात्र रंगभूमीवर येते ते प्रवेशाच्या दरूवर. ते कोण, त्याचे रूप कसे, हे त्यातच सांगितले जाते आणि नर्तनही त्याच तालावर होते. पुढे संवादही दरूतून चालतात. भरताच्या 'ध्रुवे'शी या शब्दाचे नाते जोडले जाते, व ते असंभाव्य नाही. प्रावेशिकी ध्रुवा नाट्यशास्त्रात आहेच. परंतु तंजावरकरांच्या हाती तो आला तेलुगू यक्षगानातून. विजयराघव नायकाच्या दरबारी यक्षगान भरभराटीस आले होते. १६७५ च्या सुमारास एकोजीराजांनी राज्य घेतले, तेव्हा राज्याबरोबर रंगभूमीही त्यांना आयती मिळाली.

'कुरवंजी'चेही तसेच. कुरव जमातीची भविष्य सांगणारी स्त्री ही तमिळ नाट्यातली. सरफोजीराजांनी (१७९८–१८३२) 'देवेंद्रकुरवंजी'त तिला मराठी बोलायला लावले, आणि तिच्या मुखी घातला तो पृथ्वीचा भूगोल! शब्द जुना राहून आशय असा पालटल्याचे उदाहरण विरळाच.

सांगलीकडे 'दरू' रुळला नाही. तरीही तंजावरजवळच्या मेलट्टूर येथील भागवतमेळ्यात आरंभी कोणंगी हा विदूषक येतो, मग गणपती. भाव्यांच्या खेळातही विदूषक आणि गणपती आरंभीच येत. हे साम्य अनुकरणाचे मानण्याचे कारण नाही. भाव्यांपुढे नमुना होता तो १८४२ च्या सुमारास सांगलीस आलेल्या कर्नाटकातील भागवत मंडळींच्या खेळांचा, आणि ते खेळही यक्षगानाच्याच कुळातले. तंजावरचे नाटक सांगलीच्या नाटकाची आई ठरत नाही, मावशी ठरते. शहाजीराजांच्या संहिता तोवर तंजावरच्या राजवाड्यात, सरस्वती महालाच्या बाडांतच होत्या.