पेंढा, बियाणे आणि अळंबी

रायपूर शहरातील पंडरी हा भाग कापडाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. परंतु या बाजारपेठेभोवतीचा सारा मुलूख भाताचा. कोकणात ज्याला पेंढा म्हणतात, पूर्व विदर्भात तणस म्हणतात, त्यालाच येथे पैरा म्हणतात. पावसाळ्यात जुन्या पैऱ्याच्या ढिगावर आपोआप उगवणारी अळंबी 'पैरा फुटू' या नावाने छत्तीसगडात आवडीने खाल्ली जाते. निसर्ग जे सहज करतो, ते हवे तेव्हा करून घेण्यास मनुष्याला मात्र काही शतके लागली.

अळंबीच्या अंगी हरितद्रव्य नाही. सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करणे तिला साधत नाही. वनस्पतींच्या मृत अवशेषांतील काष्ठद्रव्य फोडून ती आपले पोषण करते. पेंढा, गव्हाचा भुसा, उसाची चिपाडे, केळीचे खुंट हे सारे तिचे अन्न होय. कच्चा माल सर्वत्र होता. अडत होते ते बियाण्यापाशी.

सतराव्या शतकात पॅरिसच्या आसपासचे बागाईतदार घोड्यांच्या लिदीच्या वाफ्यांवर अळंबी पिकवीत. तूर्नफोर या वनस्पतिशास्त्रज्ञाने या लागवडीचे केलेले वर्णन १७०७ साली प्रसिद्ध झाले. तथापि बियाणे म्हणजे जुन्या वाफ्यातील बुरशीने भरलेले ढेकूळच. त्याच्याबरोबर जुने रोगही नव्या वाफ्यात येत आणि पीक बुडे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या पाश्चर संस्थेत निर्जंतुक बियाणे तयार झाले, तेव्हा ही अडचण दूर होऊ लागली. पुढे १९३२ साली अमेरिकेत सिंडेन याने धान्याच्या दाण्यांवर बुरशी वाढवून बियाणे करण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळविले. दाणे वाफ्यात सर्वत्र सारखे पसरता येतात; म्हणून तीच पद्धत जगभर रूढ झाली.

भारतात १९४३ साली कोइंबतूर येथे थॉमस व त्यांच्या सहकाऱ्यांनी भाताच्या पेंढ्यावरील अळंबीच्या लागवडीची माहिती प्रसिद्ध केली. १९६१ साली हिमाचलातील सोलन येथे पांढऱ्या गोल अळंबीचे काम सुरू झाले, तर १९६२ साली म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील बानो व श्रीवास्तव यांनी धिंगरी जातीची अळंबी पेंढ्यावर घेऊन दाखविली. १९८३ साली सोलनला राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. अळंबीविषयीच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पात पुण्याचे कृषी महाविद्यालय आहे, तसेच रायपूरचे, १९८७ साली स्थापन झालेले इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयही आहे.

गोल अळंबीला फळधारणेसाठी सुमारे १५ ते १८ अंश सेल्सिअसचा गारवा लागतो. मैदानी मुलखात तो खर्चावाचून मिळत नाही. पेंढ्यावरील अळंबी मात्र ३० ते ३५ अंशांच्या उष्म्यातच फोफावते. ती तोडल्यावर फार टिकत नाही, म्हणून बाजार जवळ हवा. पेंढा, उष्मा आणि जवळचे शहर या तिन्ही गोष्टी रायपूरच्या आसपासच्या शेतकऱ्याला घरबसल्या लाभलेल्या आहेत. हिवाळ्यात धिंगरी घेता येते. पेंढा भिजवून, गरम पाण्याने शुद्ध करून, निथळल्यावर त्यात बियाणे मिसळून पिशव्या भरावयाच्या. दोनतीन आठवड्यांत पिशवी पांढऱ्या तंतूंनी भरते. मग ओलावा, हवा व थोडा उजेड मिळाला की अळंबी उगवते. उरलेला चोथा खत म्हणून शेतात परत जातो.

यासाठी शेत असलेच पाहिजे असे नाही; एखादी सावलीची खोली पुरते. भूमिहीन कुटुंबातील स्त्रियांनाही हे पीक घेता येते, ते याच कारणाने. परंतु यंत्राने कापणी होऊ लागल्यापासून पुष्कळ पेंढा शेतातच पसरून राहतो व तेथेच जाळला जातो. अळंबीचे बियाणेही जिवंत वस्तू आहे. उन्हात ते मरते आणि थंडाव्यातही फार दिवस राहत नाही. प्रयोगशाळेतील ताजे, शुद्ध बियाणे खेड्यापर्यंत वेळेवर पोहोचले, तर पैऱ्याचे अन्न होईल. ते पोहोचले नाही, तर त्याच पैऱ्याची राख होईल.