ट्रॅक्टर, उषोदय आणि लग्नाची कॅसेट

केडेनलाइव्हमध्ये केलेला प्रोजेक्ट साध्या नोटपॅडमध्ये उघडलात, तर आत चक्क ट्रॅक्टर सापडतो. एकदा नाही, बऱ्याचदा. शेजारी प्रोड्युसर, प्लेलिस्ट अशी बाकीची मंडळी. मी व्हिडिओ एडिटिंग हौस म्हणून करते, पोटापाण्याचा उद्योग वेगळा आहे. त्यामुळे हा ट्रॅक्टर कुठून आला हे कळलं नसतं तरी माझं काही अडलं नसतं. पण माग काढत गेले आणि पोचले थेट हैदराबादला.

आधी केडेनलाइव्हपर्यंत कशी आले ते सांगते. आमच्याकडे आत्याच्या लग्नाची 1998 ची व्हीएचएस कॅसेट आहे, तीन तासांची. त्यात घाणा भरताना आजी जात्यावर बसून ओव्या म्हणते, अकरा मिनिटं. आजीचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. कॅसेट डिजिटल करून आणली आणि एका पैसेवाल्या सॉफ्टवेअरच्या ट्रायलवर काम सुरू केलं. महिना संपला, ट्रायल संपली, आणि अर्धवट प्रोजेक्टची फाइल माझ्याच लॅपटॉपवर असून मला उघडेना. फोनवरच्या एका ॲपने कोपऱ्यात स्वतःचा शिक्का मारला आणि आजीला बारीक न् उंच करून टाकलं. मग मुक्त सॉफ्टवेअरकडे वळले.

केडेनलाइव्ह 2002 मध्ये जेसन वुड याने सुरू केलं. पुढे ते ज्याँ-बाप्तिस्त मार्देल यांनी हाती घेतलं आणि वाढवलं. पण बटणं आणि टाइमलाइन म्हणजे वरचा कपडा. आत चित्रं जोडण्याचं, मिसळण्याचं काम एमएलटी नावाचं इंजिन करतं. शॉटकट याच इंजिनावर चालतं, आणि 2008 मध्ये सुरू झालेल्या ओपनशॉटनेही सुरुवातीला हेच वापरलं. एमएलटी लिहिलं डॅन डेनेडी आणि चार्ल्स येट्स यांनी. त्याआधी दोघं कीनो या लिनक्सवरच्या छोट्या एडिटरवर काम करायचे. हॅंडीकॅमची केबल कॉम्प्युटरला लावायची आणि घरचं शूटिंग कापायचं, एवढंच कीनोचं काम. म्हणजे आपल्यासारख्यांचीच सोय.

मुक्त सॉफ्टवेअरची गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपते: युरोप-अमेरिकेतली चार हुशार माणसं, रात्रीची जागरणं, जगाला भेट. एमएलटीच्या जुन्या फाइली उघडल्या तर मात्र माथ्यावर प्रताधिकाराची ओळ दिसते, 2003 हे वर्ष आणि पुढे नाव: उषोदय एंटरप्रायझेस लिमिटेड.

उषोदय ही रामोजी राव यांच्या समूहातली कंपनी. ‘ईनाडू’ हे तेलुगू दैनिक आणि ईटीव्हीच्या वाहिन्या त्याच समूहाच्या. ईटीव्ही मराठी 2000 मध्ये आलं. तुमच्यापैकी अनेकांचा तेव्हा जन्मही झाला नसेल, पण घरी विचारा. मराठी बातम्या द्यायच्या मराठीतून आणि त्या जायच्या हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून, असा तो मामला होता. आज त्याच वाहिनीला आपण कलर्स मराठी म्हणतो.

एमएलटी टीव्ही प्रसारणासाठीच बांधलेलं आहे हे कळलं, की त्याच्या सवयी समजायला लागतात. वाहिनीचा पडदा एक क्षणही काळा पडून चालत नाही. म्हणून त्या संचात ‘मिरॅकल’ नावाचा सर्व्हर होता. एकामागून एक क्लिप न थांबता लावत राहायची, हे त्याचं काम. आणि ट्रॅक्टर? चित्र, आवाज, अक्षरं अशा पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. ट्रॅक्टर त्या सगळ्यांमधून एकेक फ्रेम ओढून पुढे देतो. या पट्ट्यांवर इफेक्ट जिथे ‘पेरायचे’ त्या जागेला कोडमध्ये ‘फील्ड’, म्हणजे शेतच, म्हटलंय, आणि पेरण्याच्या आज्ञेचं नाव ‘प्लांट’. नावं ठेवणाऱ्याला शेतीची आवड होती की गंमत सुचली होती, काही असो, मला ही नावं भलतीच आवडली.

आणखी एक. तुम्ही काहीच सांगितलं नाहीत, तर एमएलटी आपणहून 720 बाय 576 ची चौकट आणि सेकंदाला 25 फ्रेम धरतं. हे पाल पद्धतीचं, म्हणजे युरोपात आणि आपल्याकडेही चालणाऱ्या जुन्या टीव्हीचं माप. या मापात चित्राचा ठिपका चौरस नसतो, किंचित आडवा असतो. तो चौरस धरला की माणसं बारीक दिसतात. आजीचं तेच झालं होतं. इथे ती पहिल्याच फटक्यात तिच्या मूळ अंगाची दिसली.

जुना टीव्ही आधी एक आड एक ओळी दाखवायचा, मग उरलेल्या. कॉम्प्युटरवर त्या एकदम दिसतात आणि हलणाऱ्या गोष्टींना कंगव्यासारखे दात फुटतात. जात्याचा खुंटा फिरला की आजीच्या मुठीला दात! ते काढायची सोय केडेनलाइव्हमध्ये होती. सगळं गोडगोड होतं असं नाही. सॉफ्टवेअर मध्येच बंद पडायचं. दर पाच मिनिटांनी सेव्ह करायची सवय मला त्यानेच लावली. 2019 च्या आवृत्तीत टाइमलाइनचं कोड मोठ्या प्रमाणावर नव्याने लिहिलं गेलं.

आता माझ्या दृष्टीने कळीची गोष्ट. एमएलटी एलजीपीएल परवान्याखाली आहे. कुणीही घ्यावं, बदलावं. बदललेलं इंजिन वाटायचं असेल, तर ते बदलही त्याच परवान्याखाली उघडे ठेवावेत. ईटीव्ही मराठीचा मालक बदलला, 2015 मध्ये नाव गेलं. पुढे कोडच्या माथ्यावरच्या ओळीतही उषोदयच्या जागी मेल्टीटेक आलं. कोड मात्र कुणाच्या तिजोरीत गेलं नाही. प्रोजेक्टची फाइलही साधा मजकूर आहे. कुठली क्लिप, कुठून कुठपर्यंत, वर कोणता इफेक्ट, सगळं वाचता येतं. उद्या केडेनलाइव्ह बंद पडलं, तरी आजीच्या अकरा मिनिटांत मी कुठे कात्री लावली ते कुणालाही वाचून काढता येईल. ट्रायलवाल्या फाइलीत मला एक शब्द लागला नव्हता.

फुकट मिळतं म्हणजे खर्च नसतो असं नाही. 2022 मध्ये केडेनलाइव्हने लोकांकडे 15 हजार युरो मागितले आणि ते जमलेही. त्यातून झालेलं एक काम म्हणजे एका टाइमलाइनच्या पोटात दुसरी ठेवण्याची सोय, 23.04 आवृत्तीत ती आली. तीन तासांच्या लग्नासाठी ती फार उपयोगाची आहे. घाणा वेगळा, हळद वेगळी, वरात वेगळी, आणि शेवटी सगळ्यांची मोळी. आजीच्या ओव्या आत्याला पाठवून झाल्या. मागे लाउडस्पीकरवर सनई कर्कश वाजतेय, ती थोडी कमी कर म्हणाली. तेवढं करून आता मी मंगलाष्टकांपर्यंत आले आहे.